भ

साखर पेठेच्या बोळात आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, विडी कारखान्याची पासबुकं,
आणि महिन्याला एक भयकादंबरी, शहाण्णव पानी,
लेखक : अ. न. गुंडेटी.
वाचकांना वाटायचं, कुणी मिशीवाला मास्तर असेल.
मी खिळेजुळारी. मला माहीत होतं.

अनसूया नरसय्या गुंडेटी
कारखान्यात विड्या देऊन परतताना यायची.
सुपात तेंदूची पानं, पानांखाली वही.
वहीला तंबाखूचा असा वास
की ऐन खुनाच्या जागी मला शिंका यायच्या.

शिशातली ओळ उलटी असते.
तिच्या उलट्या पायांच्या बाया
मी उलट्याच वाचल्या, सगळ्यांच्या आधी.
रात्री त्या कधी यायच्या नाहीत.
उन्हाळ्यात अख्खं सोलापूर गच्चीवर झोपतं,
एवढ्या गर्दीत कोण भिणार?
त्या यायच्या दुपारी, पत्रा तापून वाजायला लागला की.
एक मुकादम तर मेल्यावरही घरोघर फिरून
छाट काढायचा,
आणि हजारात दोनशे विड्या कमी भरायच्या.
ते जुळवलं त्या दिवशी मी घरी जाऊन
बायकोचं सूप दाराआड सरकवलं.

तिसऱ्या कादंबरीच्या चौसष्टाव्या पानावर
पेटीतले भ संपले.
भूत, भय, भिंत, भोंगा, भर दुपार,
एवढे भ फाउंड्रीनं कधी दिलेच नव्हते.
म्हणालो, बाई, भिंत ठेवतो, भूत काढा.
ती शाईच्या डब्यावर बसली,
तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
आणि भूत खोडून लिहिलं : कुणीतरी.

कुणीतरी भिंतीला टेकून उभं होतं.

(‘उभं’मधला भ मी
एका पत्रिकेच्या ‘शुभविवाह’मधून काढून आणला.)
प्रूफ तपासताना तीनदा मागं वळून बघितलं.

कविता तिनं मागाहून लिहिल्या, मालकामुळं.
फर्मा सोळा पानांचा; गोष्ट पंच्याण्णवाव्या पानावर संपली
तर शेवटचं पान कोरं.
बंडप्पा मालक म्हणायचे, कोऱ्या पानालाही कागद लागतो,
काहीतरी दे.
ती उभ्या उभ्या द्यायची :

अम्मा, दोरा बांधताना
तुझं बोट विडीत राहिलं.
कुणी ओढलं तुला?
धूर कुठल्या गावाला गेला?

अठ्ठावीस कादंबऱ्या, एकोणीस कविता.
नऊ वेळा हिशोब नेमका बसला,
त्याची मला आजही हळहळ वाटते.

मग भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं बंद पडली.
तिच्या छातीत तंबाखूची धूळ बसली होती,
चैत्रात गेली. दुपारीच.
मुलगा हँडबिल छापायला आला.
‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पेटीत भ भरपूर होते.
नावाखाली ‘लेखिका’ घालू का, विचारलं.
तो म्हणाला, कोण?

परवा कॉलेजात चर्चासत्र झालं.
एका प्राध्यापिकेनं निबंध वाचला :
गुंडेटी भुताचं नाव घेत नाहीत, हा त्यांचा संयम.
मी मागच्या बाकावर. हात वर केला होता,
सांगणार होतो, संयम कसला, खिळे संपले होते.
मग आठवलं,
पुढच्याच वर्षी दोन किलो नवे भ आले होते.
कौतुकानं मी तिच्यापुढं ओतले, चांदीसारखे.
तिनं एक उचलून बघितला.
राहू दे, म्हणाली.
आता ते नावानं हाक मारली तर यायचं नाही.
मी हात खाली घेतला.

छापखाना मोडला तेव्हा शिसं भंगारात गेलं.
एक भ तेवढा माझ्या खिशात असतो, सुट्ट्या पैशांत.
काल कन्ना चौकात चहावाल्याच्या हातावर चुकून गेला.
त्यानं उलटसुलट करून पाहिला,
परत दिला. म्हणाला,
काका, हे चालत नाही.