कुणी ब्रश धुतला नाही

दिवे लागले तेव्हा ठाकूरद्वारच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सव्वीस जण होतो, खुर्च्या साठ.
पडद्यावर जपानी अक्षरं अजून वर चढत होती,
मुंग्या भिंतीवरून जातात तशी.
तांडेलबाईंनी पंखा दोनवर केला,
म्हणाल्या, बोला, कसा वाटला?

पाध्ये म्हणाले, गोष्टच नाही हो.
एक चित्र काढतो, दुसरा ते लाकडात कोरतो,
तिसरा छापतो. मांजर येतं.
पूल जळतो, पुन्हा बांधतात.
संपलं.

झुबिन ॲनिमेशन शिकतो. तो म्हणाला, रेषा बघा, रेषा!
फक्त नदी संगणकाची आहे,
बाकी हाताची. नदी खोटी वाहते.

कॉन्ट्रॅक्टरबाई तीनदा जपानला जाऊन आल्यात.
चहा असा ओतत नाहीत, म्हणाल्या,
आणि दोनशे वर्षांपूर्वी कुठली विधवा
कोरणाऱ्यांच्या ओळीत मांडी घालून बसली असती?
यावर बरंच झालं.
मागून एक गृहस्थ म्हणाले, कार्टून म्हणून नातवाला आणला
आणि मध्येच ती आंघोळ.
मी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला.
नातू म्हणाला, बोटांतून दिसत होतं.
मग त्यानं विचारलं, पूल जळाला तेव्हा मांजर कुठं होतं?
ते कुणालाच सांगता येईना.

माझी पाळी आली.
मी म्हणाले, छान होता.

वडिलांना खाली पळणारं इंग्रजी वाचता येत नाही.
त्यांनी दीड तास नुसते हात बघितले.
ती बाई केस कोरत होती तेव्हा,
म्हणजे केसाच्या अलीकडचं लाकूड काढायचं,
पलीकडचं काढायचं,
आणि केस तेवढा ठेवायचा,
तेव्हा माझ्या शेजारी त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.
चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या त्यांनी.
श्रमसाफल्य लाँड्री. गोरक्षकर सायकल मार्ट.
येथे थुंकू नये, सुमारे नऊशे वेळा.
आता पेला उचलतात तर पाणी आधी बशीत येतं.

बाबा, तुम्ही? तांडेलबाईंनी मोठ्यानं विचारलं,
म्हाताऱ्यांना विचारतात तसं.

वडील उठून उभे राहिले. शाळेत राहतात तसे.
म्हणाले, काम चोख आहे.
पण एवढं चितारलं, एवढं चितारलं,
शेवटपर्यंत कुणी ब्रश धुतला नाही.

हॉल हसला. झुबिननं टाळी दिली पाध्यांना.
वाक्य लिहून ठेवा, कुणीतरी म्हणालं.
वडीलही थोडं हसले, सगळे हसतायत म्हणून.

मी हसले नाही.
नऊ वर्षांची असल्यापासून ते मी धुतलेत.
डालड्याच्या डब्यात रॉकेल, तळाशी लाल गाळ,
केस मुळापासून पिळायचे, टोक ओठांनी सरळ करायचं
आणि थुंकायचं. (नऊशे एक.)
वर्गात सुनंदा किणी बाक सोडून लांब बसायची,
म्हणायची, हिला स्टोव्हचा वास येतो.
पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांचं नाव असे.
तेही मला आवडायचं. त्यातला ळ
ते एका दमात काढायचे, ब्रश न उचलता,
आणि असा ब्रश काही आपोआप तयार होत नाही.

जिना अरुंद. ते एकेक पायरी बघून उतरत होते,
कठड्याला डावा हात,
उजवा माझ्या दंडावर, थरथरत,
जणू अजून काहीतरी भरतायत.

दुसऱ्या मजल्यावर थांबले.
तिथं कोण धुवत असेल गं?

त्यांचे रंग पाण्याचे, बाबा. लगेच निघतात.

खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.
ते ऐकत राहिले.
मग म्हणाले,
तरी.