कात्री

कास्त्रोच्या इस्पितळात मला बावीस वर्षं झाली.
हातांना सगळं तोंडपाठ आहे:
बाळ आलं की चिमटा, चिमटा, मधे कात्री,
मांडीत सुई, डोळ्यांत मलम, वजन, मनगटाला पट्टी.
तोवर आई मान उंचावून
दिव्याखालच्या आमच्या पाठी बघत असते.

मी वाईट बाई नाही.
घाई असते. पडद्यापलीकडे दुसरी कळा देत असते.

यास्ना मियाकुरा आली ती ओहोटीच्या वेळी.
नवरा सामन माशांच्या पिंजऱ्यांवरून थेट, रबरी बुटांत.
त्याला मी दारातच अडवला.
पहाटे चारला मुलगी झाली.
कात्री उघडली, आणि यास्ना म्हणाली,
"नेल्दाबाई, थांबा."

ओरडली नाही.
सुटे पैसे मोजणाऱ्या दुकानदाराला
थांबवावं तसं.

नाळ माझ्या बोटांखाली उडत होती,
निळसर, जाड, पिळलेल्या ओल्या लोकरीसारखी,
अजून काहीतरी पोचवत होती
जे मी आजवर अर्ध्यात तोडत आले.
मग ठोके विरले. पांढरी पडली, मऊ.
घड्याळात तीन मिनिटं.
तेवढ्यात मी एरवी किती उरकलं असतं!

"ती सुई कशाची?"
के जीवनसत्त्व. क्वचित एखाद्या बाळाला
आतल्या आत रक्तस्राव होतो, मेंदूतही. तो टळावा म्हणून.
"मग द्या. पण ती माझ्या अंगावर असताना."

"आणि मलम?"
मी तोंड उघडलं,
"नियम आहे" एवढंच बाहेर आलं.
ती वाट बघत राहिली.
खरं कारण आठवायला मला
विद्यार्थिनी असतानाच्या वहीपर्यंत जावं लागलं.
सांगितलं. धोका कुणाला, किती, तेही.
"त्याला आत घ्या," ती म्हणाली.
तो मोज्यांवर आला. दोघं कुजबुजली.
काय ठरलं ते कागदावर आहे.
इथे सांगत नाही, त्यांचं आहे ते.

वार मात्र त्यांनी मागून घेतली,
रंगाच्या रिकाम्या डब्यात, झाकण लावून,
सफरचंदाच्या झाडाखाली पुरायला.
त्याचा फॉर्म नव्हता. मीच एक लिहिला.

माझा ओसिएल आता सत्तावीसचा.
त्याची नाळ कुणी कापली, केव्हा,
मला माहीत नाही.
छतावर ओल आली होती,
मी तिच्याकडे बघत होते.