तिसरं रीळ

ब्यूट, मोंटाना. एकोणीसशे सत्तेचाळीस.
रात्री अकराचा शेवटचा खेळ.
मी खिडकीत बसून तिकिटं देते:
पस्तीस सेंट, बाल्कनी बंद आहे,
टोप्या काढा, मागच्यांना दिसत नाही.

दुसरी पाळी सुटली की ते येतात
तांब्याच्या खाणीतून, केस ओले,
साबण पोचला नाही तिथे मानेवर काळी रेघ.
कॉर्निश, फिन, सर्ब, आयरिश.
दिवसभर एकमेकांशी वाकडं,
इथे मांडीला मांडी लावून.

पाळीभर अंधारात राबायचं
आणि पैसे मोजून पुन्हा अंधारातच बसायचं,
हे काय खूळ, मी जेगोला एकदा विचारलं.
म्हणाला, "खालचा अंधार नुसता काळा असतो, मिसेस लाहतेला.
ह्याला आकार आहे.
खिडकीच्या पट्ट्यांतून गाळून येतो,
माणसाच्या तोंडावर पडला की वाटतं
निदान अर्धं तोंड तरी खरं बोलतंय."

गोष्ट म्हणाल तर कोणालाच कळत नाही.
एक बाई येते, खोटं नाव सांगते.
एक जण मेलेला असतो, एक मेलाय असं म्हणतात.
मोत्यांचा सर हरवतो, सापडतो, नकली निघतो.
आणि तो, चुरगळलेला कोट, खुंट वाढलेले,
रोजचे वीस डॉलर, पेट्रोल वेगळं,
जिना चढतो
आणि दार वाजवतो.

मंगळवारी मिलोरादने घोळ घातला.
तिसऱ्या रिळाच्या जागी पाचवं लावलं.
पाचव्यानंतर तिसरं.
गोळी घातलेला माणूस उठून बसला
आणि काडेपेटी मागू लागला.
माझ्या पोटात गोळा. आता खुर्च्या फेकणार!
एकानेही हूं की चूं केलं नाही.
जाताना म्हातारा डिनीन खिडकीशी वाकून म्हणाला,
"आजचा खेळ जरा जास्त समजला."

मीही पाहते. गल्ला मोजून झाला की
मागच्या पडद्याला टेकून, उभ्यानंच.
खुनी कोण, याच्याशी मला देणंघेणं नाही.
मला ते दार वाजवणं पाहायचं असतं.

उर्हो गेला तेव्हा कंपनीचा माणूस आला होता.
टोपी हातात, नखं गुळगुळीत.
म्हणाला, दोन हजार फुटांवर आधाराचं लाकूड सडलं होतं.
मग म्हणाला, चूक तुमच्या नवऱ्याचीच असणार.
दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता.
कुठेतरी पाणी मुरतंय,
शेंबड्या पोरालाही कळलं असतं.
पण कागद होता, सहीची जागा होती,
कॉफी निवत चालली होती.
मी सही केली.
कोणी जिना चढून आलं नाही.
कोणी विचारलं नाही, ते लाकूड शेवटचं कोणी पाहिलं?
कोणत्या दिवशी? दिवा कोणाच्या हातात होता?

म्हणून मला हा आवडतो.
मार खातो, फसतो,
भाळू नये त्या बाईवर भाळतो,
शेवटी तेलही जातं, तूपही जातं.
शहर होतं तसंच, बडे लोक बडेच.
पण त्याने विचारलेलं असतं.
तो प्रश्न मग खोलीतून हलत नाही,
सिगारेटच्या धुरासारखा
पडद्यांना, गालिच्याला धरून राहतो.

काल खेळ सुटल्यावर जेगो रेंगाळला.
हातात टोपी गोल गोल फिरवत.
बाहेर बर्फ, रस्त्यावर एकच दिवा,
पाटीची सावली त्याच्या निम्म्या चेहऱ्यावर.
"ते लाकूड," म्हणाला,
"उर्होच्या बाजूचं. मी पाहिलं होतं."

मी खिडकीतला दिवा विझवणार होते.
विझवला नाही.
आतली खुर्ची ओढून बाहेर ठेवली.
बस, म्हटलं. सगळं सांग.
रिळांचा क्रम चुकला तरी चालेल.