तिसरा दिवस, सावरटोला

पहाटे साडेपाचला कोरा चहा
आणि पळसुलेबाईंचा नियम :
एक तास, एकच जागा.
‘सुंदर’ शब्द आला तर वही जप्त.

तलाव अजून धुक्याखाली.
माझ्या वाट्याला पाळीवरचं येनाचं झाड,
मगरीच्या पाठीसारखं त्याचं खोड,
एक ओला दगड.
बूड गारठलं तेव्हा कळलं,
निसर्गलेखन आधी बसायचं काम आहे.

लिहिलं : पाण्यात गवत. गवतात पक्षी.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.
एकतीस वर्षं पोस्टात
लोकांचे पत्ते वाचले मी,
पुसटलेले, भिजलेले, चुकीच्या तालुक्याचे,
आणि इथे समोरच्या पाण्याचा पत्ता लागेना.

फागू वलथरे जाळं झटकत आला.
वहीत डोकावून म्हणाला, ‘वाचा जी.’
वाचलं.
‘कोनता गवत?’

मग बांबूनं दाखवत गेला :
हा देवधान, पानकोंबडीचा घर याच्यातच.
तिकडं चिला. बदकं त्याच्यासाठीच येतेत.
खाली गाद, हात घाला, लागते बोटाले.
मी हात घातला. लागली.

‘आन् तो, जांभळ्या फुलाचा?’
तो बराच वेळ बघत राहिला.
‘तो नवा हाये,’ म्हणाला,
‘मले बी नाव नाही मालूम,’
आणि जाळं खांद्यावर टाकून निघाला
माझी तीन हजार फी ऐकून हसत.

संध्याकाळी वाचन. तीन नावं वाचली,
चौथ्याजागी थांबलो.
बाई म्हणाल्या, भरा ना काहीतरी.
मी पिनकोडाचे सहा चौकोन काढले
आणि तसेच ठेवले.