चौदा कमी

जानेवारीतल्या एका सकाळी
ढाबलीच्या तळ्यावर
मी चित्रबलाक मोजले. दोनदा.
एकदा पाळीवरून, एकदा बाभळींकडून.
जितके हवेत त्याला चौदा कमी.

इंदूरहून देपालपूरच्या रस्त्यानं निघावं,
वीटभट्टी, मग गिट्टीचा ढीग,
मग अचानक पाणी.
नकाशावर पेन्सिलीचं टोक टेकवून उचललं
तर उमटेल तेवढंच.

फॉर्मवर नऊ कसोट्या आहेत,
एकीला उतरलं तरी पुरे.
दुर्मीळ आहे का? नाही.
माळव्यात अशी तळी गावागणिक होती.
‘होती’साठी रकाना नाही.
वीस हजार पाणपक्षी? हसूच आलं.
माशांच्या जाती गेंदालाल केवट बोटांवर सांगतो,
दहानंतर लेकीचा हात ओढून घेतो,
पण त्याच्या नावांना शास्त्रात नावं नाहीत
किंवा मला ठाऊक नाहीत.
उरली सहावी:
एखाद्या जातीच्या दर शंभरातला एक
याच पाण्यावर यावा.

अवस्थीसाहेब गाडीतच बसलेले.
काच खाली करून म्हणाले,
चौदाच ना? टाका लिहून.
पक्षी काय सही करायला येणारेत?
फॉर्म परत दिला तेव्हा
‘एकूण’वर त्यांच्या बोटाचं जिरावन लागलं होतं.

लिहिले असते.
मी काही फार सत्यवचनी बाई नाही,
घरी दुधाच्या हिशोबात नेहमी घोळ घालते.
पण पुढल्या वर्षी ते चौदा
मी कुठून आणले असते?
आणि आले नाहीत म्हणून
‘घट’ कुणाच्या नावावर लिहिली असती?

खानावळीला येणाऱ्या मोजणीवाल्या मास्तरांना
आईनं एकदा मातृभाषा मराठी सांगितली होती.
मास्तरांनी पेन थांबवून विचारलं,
घरात बोलता का अजून?
आई म्हणाली, भांडतो.
त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही.

गेंदालाल म्हणाला, सांझे आवजो.
सकाळी ते चरायला जातात, म्हणाला,
कुठे, ते मला नका विचारू.

नियम सकाळचा आहे.
तरी मी संध्याकाळी गेले.
शिंगाड्याची डोंगी, बुडाला बोटभर पाणी,
चपला हातात धरून मी बसले
आणि सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा
ज्या तळ्याबद्दल इतकं लिहिलं
त्याच्या मधोमध आले.
हळदीकुंकू बदकांची एक जोडी
वैतागून बाजूला सरकली.
दुर्बिणीत आधी बाभळी होत्या,
मग बाभळींचा काळोख,
मग नुसता काळोख.

तेव्हा ते आले.
कुणी ओली चादर झटकावी
तसे डोक्यावरून, एकेक.
पाच. सात.
मग दोन एकदम की एकच मोठा?
फांद्या वाकल्याचा आवाज,
चोचींची लाकडी खटखट,
त्यात गेंदालालची लेक खोकली
आणि माझी मोजणी तुटली.

ऐकलेलं धरायचं नाही,
हे दर वर्षी मीच पोरांना शिकवते.

काठावर त्यानं शिंगाडे तोलले, दोन किलो.
पारडं बरोबर आलं
तरी वरून एक मूठ टाकली.
तळं आलं का यादीत, हे विचारलं नाही.
मीच बोलायला तोंड उघडलं
आणि शिंगाड्याचा काटा बोटात गेला, बरं झालं.

रात्री फॉर्म संगणकावर चढवताना
संख्येच्या रकान्यात मी लिहिलं:
अंधारात पंख, पुष्कळ.
रकाना लाल झाला.
फक्त अंक द्यावेत, असं आलं.

बोट अजून ठणकत होतं.
मी पुन्हा तेच लिहिलं.