दिसतंय वाटतं

सड्यावर ढग बसला होता,
कातळावर म्हैस बसावी तसा,
उठायचं नावच घेईना.

खाली कुठंतरी परुळं असेल, निवतीचा दीपस्तंभ,
देवबागला दारात उभा बाबा असेल.
आमच्या पुढ्यात नुसती काच,
काचेवर पाण्याचे आडवे ओरखडे,
एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा
आणि उतरत जाणारे आकडे.

विमान कॅप्टन भडकमकरांच्या हातात.
माझ्याकडे फक्त डोळे आणि आवाज.
सगळं आधीच ठरलेलं,
कागदी कपावर बोट आपटत ते म्हणाले होते:
पाचशे दहा फूट. तोवर दिवे दिसले तर उतरू.
नाहीतर पूर्ण जोर, नाक वर,
सरळ, मग डावीकडे समुद्रावर, तीन हजारांवर घिरटी.
दोनदा बघू. तिसऱ्यांदा नाही.
मोप्यापुरतं इंधन बाजूला, त्याला हात लावायचा नाही.
"आणि तू 'गो-अराउंड' म्हणालीस
की मी का म्हणून विचारणार नाही.
का ते जमिनीवर विचारायचं असतं."

पहिल्या खेपेला काहीच दिसलं नाही.
ते सोपं होतं.

दुसऱ्या खेपेला
आठशे. सातशे.
सहाशे दहा. "शंभर वर," मी म्हटलं.
पाठीमागं अडुसष्ट माणसं, कुणाचं तरी बाळ रडतंय.
पाचशे दहा.
"मिनिमम्स," यंत्र म्हणालं, कसलीही काळजी नसलेल्या आवाजात.

आणि कॅप्टन म्हणाले,
"दिसतंय वाटतं."

वाटतं.
किती सहज लावतो आपण ही शेपटी.
ताप उतरला वाटतं.
दूध तापलं वाटतं.
पडवीत बसून चालतो हा शब्द.
पाचशे दहा फुटांवर त्याला पाय नसतात.

दिसलं मलाही होतं काहीतरी,
फिकट, पिवळसर. कदाचित दिवा,
कदाचित दिवा असावा ही माझीच इच्छा.

"गो-अराउंड."

त्या एकवीस वर्षांच्या अनुभवानं
एका श्वासाचाही वाद घातला नाही.
हात पुढं. नाक वर. फ्लॅप्स.
"पॉझिटिव्ह रेट." "गिअर अप."
चाकं पोटात गेली, बगळ्यानं पाय घ्यावेत तशी.
आमची पोटं मात्र क्षणभर खालीच राहिली.

तेव्हा मला बाबा आठवला
असं लिहिणं खोटं होईल.
तेव्हा काहीच आठवलं नाही, ओठ हलले सरावानं.
आठवतंय ते आत्ता, मोप्याच्या या खोलीत, बूट न काढता:
कर्लीचं तोंड, वाळूचा दांडा, फुटणारं पाणी,
मी आठ वर्षांची, होडीत, भुकेली.
आमच्या न्हाणीचा धूरसुद्धा दिसत होता.
बाबानं लाटा मोजून दोनदा होडी घातली,
दोनदा फिरवली.
मी रडले तेव्हा म्हणाला,
"बंदर खंय पळान जाता, बायो?
आपण तेवडे ऱ्हवाक व्हये."
आणि नाळ उघड्या दर्याकडे वळवली.

ढगाच्या वर लख्ख ऊन होतं,
जणू काही घडलंच नाही.
सातव्या रांगेतले गृहस्थ फ्लावियाला म्हणाले,
"एवढं दारात आणून परत?
पायलट घाबरला वाटतं."

उतरल्यावर सही करायला पेन शोधत
कॅप्टन बराच वेळ खिसे चाचपत राहिले.
"असेलही दिवा," म्हणाले.
मग, "नसेलही."
मी माझं पेन दिलं.

संध्याकाळी बाबाचा फोन.
दोनदा पंख्यांचा आवाज आला डोक्यावरून,
फुगला, आणि दर्याकडे गेला, ते त्यानं ऐकलं होतं.
त्याविषयी एक अक्षर नाही.
एवढंच विचारलं,
"मगे ही सुरमय मिठात घालू?"