चौथी रिबन

लाँच कलंडली ती धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर.
बामणोलीचा बाजार उरकून माणसं निघालेली,
तांदळाची पोती, शाळेच्या पोरी, एक करडू.
पौषातली संध्याकाळ. वारा एकदाच आला.

साताऱ्याच्या ट्रेनिंगमधलं एक वाक्य पाठ होतं:
ओरडणाऱ्याकडे आधी जाऊ नका,
ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे.

“ज्याला चालता येतंय त्यानं शाळेच्या पायरीवर जाऊन बसा!”
अकरा जण उठले.
करडूही उठलं.

रंगीत पट्ट्या उपकेंद्राच्या कपाटात,
कपाटाची किल्ली पर्समध्ये,
पर्स पलतीरावर.
मग रेवतीच्या वेण्या सोडल्या, तिच्या बहिणीच्याही.
चार लाल रिबिनी.
लाल म्हणजे आधी न्यायचं.

ताराबाई संकपाळ ऊर बडवत होती.
तिला ओलांडून गेले. तिनं शिवी दिली,
बरोबर दिली.
तिचा भाचा निपचित, ओठ जांभळासारखे.
पाच फुंकरी. मग तीस दाब, पुन्हा दोन फुंकरी, पुन्हा दाब.
माझ्या तोंडात शेवाळ, धरणाचं पाणी,
आणि त्यानं बाजारात खाल्लेली भजी.
खोकला!
मनगटाला रिबन.

दुसरी एका म्हातारीला.
दात वाजत होते तोवर मी निर्धास्त होते,
मग ते वाजायचे थांबले.

आणि गेनू.
चौघांना काठाला लावून पाचव्यासाठी परत शिरलेला गेनू शेलार.
दर गुरुवारी माझा लशींचा डबा
स्वतःच्या सावलीत ठेवायचा,
“बर्फाला ऊन लागाय नको, सिस्टर.”
मानेवर दोन बोटं.
दहापर्यंत मोजायचं असतं.
मी चौदापर्यंत मोजलं.
पलीकडे कुणाचा तरी श्वास घशात घरघरत होता
आणि हात दोनच.
उठले.

तिसरी त्या घरघरणाऱ्याला.
चौथी मुठीतच राहिली.

मेढ्याहून आलेल्या डॉक्टरांनी वही बघितली,
म्हणाले, बरोबर क्रम लावलात.
मी हो म्हटलं. चहा घेतला. साखर दोनदा घातली.

सोमवारी रेवती दारात उभी,
एक वेणी लाल, दुसरी काळ्या रबरात.
“सिस्टर, माझी रिबन? बाई ओरडतात.”

खिशातच होती.
धुतली नव्हती, वाळून कडक झालेली.
“तुम्हीच बांधा की,” म्हणाली
आणि पाठमोरी बसली.

बांधली.
गाठ दोनदा सुटली.